‘झालं गेलं सोडून द्या’ म्हणजे नक्की काय सोडायचं?

भावकीची बैठक बसली की चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, “झालं गेलं सोडून द्या आता.” म्हणणारा बहुतेक वेळा असा असतो की ज्याचं स्वतःचं काहीच गेलेलं नसतं. सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की हा आग्रह जरा जास्तच होतो. वर्षभर तोंड न बघणारे चुलतभाऊ होम मैदानावर समोरासमोर येतात, कुणीतरी मध्ये पडून एकाच्या हातावर तिळगूळ ठेवायला लावतं, आणि मिटलं म्हणून सगळे मोकळे होतात. तिळगूळ खाल्ला म्हणजे माफ केलं का? आणि खाऊनही मनातून गेलं नसेल, तर तो माणूस खोटा का?

या प्रश्नाचा तत्त्वज्ञांनी भरपूर कीस पाडला आहे. त्यातलं जे आपल्या घरात उपयोगी पडतं तेवढंच इथे घेतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक घर धरू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दोघा भावांचा टॉवेलचा कारखाना. (बाहेरगावच्यांसाठी: पत्र्याच्या शेडमध्ये आठ माग असले तरी आमच्याकडे त्याला कारखानाच म्हणतात.) थोरल्याला सगळे अण्णा म्हणतात, बँक, सूत, व्यापारी हे सगळं तो बघतो. धाकटा मागांवर उभा. वडील गेल्यावर अण्णाने धाकट्याला न सांगता कारखान्यावर कर्ज उचललं, जामीनदाराच्या जागी धाकट्याची सही स्वतःच मारली आणि तो पैसा सुताच्या एका सौद्यात घातला. सौदा बुडाला. बँकेची नोटीस दारावर आली तेव्हा धाकट्याला कळलं की आपण कशाला तरी जामीन आहोत. चार माग विकले, धाकट्याच्या बायकोच्या पाटल्या मोडल्या, आणि भावांचं बोलणं बंद झालं.

आता मामा मध्ये पडलेत. “अजून किती वर्षं धरून बसायलालास बे? सख्खा भाऊ आहे,” म्हणतायत. धाकट्याने नेमकं काय करावं अशी मामांची इच्छा आहे, हे मामांनाही धड सांगता येणार नाही. कारण त्या एका मागणीत चार-पाच वेगवेगळ्या मागण्या गुंडाळलेल्या आहेत.

विसरून जा, ही त्यातली एक. ही मागणी बाद. ज्याला आठवतच नाही त्याच्याकडे माफ करायला काही उरलेलंच नसतं. धाकट्याला ती खोटी सही जन्मभर आठवणार, आणि आठवते म्हणून त्याचं मन लहान ठरत नाही.

दुसरी मागणी अशी: समजून घे, त्याची तरी काय चूक, वेळच तशी होती. खरा घोळ इथे होतो. एखाद्याची चूकच नव्हती असं ठरलं तर आपण त्याला माफ करत नाही, दोषातून मोकळं करतो. अण्णाला कुणी अंधारात ठेवून सही करून घेतली असती, तर त्याच्यावर राग धरायला कारणच नव्हतं. माफीची पाळी येते ती दोष ठरल्यावर. चूक तुझी होती, तू ती समजून-उमजून केलीस, एवढं पक्कं झालं की मगच पुढचा प्रश्न उभा राहतो. म्हणून तर न विचारता कुणाला “जा, मी तुला माफ केलं” म्हणून बघा, तो भडकतो. “मी काय केलं म्हणून माफ करतोस?” त्याचं भडकणं तर्काला धरूनच आहे, कारण त्या वाक्यात आधी आरोप आहे आणि मग माफी.

तिसरी मागणी, पुन्हा एकत्र या. समेट आणि माफी बऱ्याचदा हातात हात घालून येतात, पण एकीवाचून दुसरी असू शकते. धाकट्याच्या मनातला राग गेला, तरी तो चेकबुक स्वतःच्या कपाटात ठेवू शकतो आणि यापुढे कुणालाच जामीन राहणार नाही असं सांगू शकतो. त्यात ढोंग नाही. उलट दिवाळीचा फराळ एकत्र, लग्नपत्रिकेवर नावं एकत्र, आणि आतून वीस वर्षं धुमसणं, अशी घरं तुमच्याही गल्लीत असतील. तिथे समेट आहे, माफीचा पत्ता नाही. केस मागे घेणं, नुकसानभरपाई सोडणं या गोष्टीही अशाच वेगळ्या. माफ करूनही माणूस आपले पैसे मागू शकतो.

मग माफीत नक्की जातं काय? बहुतेकांचं उत्तर एकच आहे: राग. साधी चीड नव्हे, तर ‘माझ्याशी हे असं वागलास’ म्हणून त्या माणसावर धरलेला राग, डूख.

हा विचार नीट मांडला तो इंग्लंडच्या जोसेफ बटलर या धर्मोपदेशकाने. त्याची प्रवचनं 1726 साली छापली गेली आणि आजही माफीवर लिहिणारा कुणीही त्यांच्यापासून सुरुवात करतो. धर्मोपदेशक म्हटल्यावर ‘राग वाईट, सोडा’ असं काही अपेक्षित असतं. बटलर तसं म्हणत नाही. त्याच्या मते अन्यायाचा राग येणं माणसाच्या घडणीतच आहे आणि ते उपयोगाचं आहे. तो राग नसता तर दांडगटांना आवर कुणी घातला असता? दोष रागात नाही, तो हाताबाहेर जाण्यात आहे: राईचा पर्वत करण्यात, सूड उगवण्यात, समोरचा माणूस म्हणजे त्याचं तेवढं एक कृत्य असं धरून चालण्यात. म्हणजे माफ करणाऱ्याने दगड व्हायचं नाही. ज्याने वाईट केलं त्याचंही वाईट चिंतायचं नाही, एवढंच मागणं आहे. तेवढंही काही कमी नाही म्हणा.

पुढे 1962 मध्ये पीटर स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने त्यात एक मोलाची भर घातली. एसटीत कुणाचा तरी पाय आपल्या पायावर पडला आणि बोट ठेचलं. तो धक्क्याने पडला की त्याने मुद्दाम तुडवलं, वेदना तेवढीच. पण दुसऱ्या वेळी जो राग येतो तो वेदनेचा नसतो, त्या माणसाने आपल्याला कस्पटासमान लेखलं याचा असतो. आपण एकमेकांकडून थोड्या सद्भावाची अपेक्षा ठेवतो आणि ती मोडली की राग येतो, असं स्ट्रॉसन म्हणतो. धाकट्याचं दुखणं यातून नीट कळतं. चार माग पुरात वाहून गेले असते तर तो रडला असता आणि पुन्हा कामाला लागला असता. इथे त्याला न विचारता त्याचं नाव वापरलं गेलं. तू कोण विचारणारा, असं त्या सहीने त्याला सांगितलं. म्हणूनच अण्णाने उद्या सगळे पैसे व्याजासकट आणून ठेवले तरी काहीतरी शिल्लक राहील. उधारीच्या वहीतली रक्कम फिटली की खातं बंद होतं. अपमानाची रक्कम कुणाला लिहिता येत नाही.

इथे एकनाथांची ती गोष्ट आठवणं साहजिक आहे. नाथ गोदावरीत स्नान करून निघाले की एक जण वरून त्यांच्यावर थुंकायचा. नाथ पुन्हा स्नानाला जायचे. असं एकशे आठ वेळा झालं आणि शेवटी तोच पाया पडला, अशी आख्यायिका पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. क्षमेचा सर्वोच्च नमुना म्हणून आपण ती मुलांना ऐकवतो. बटलरच्या व्याख्येने पाहिलं तर पेच पडतो. नाथांना राग आलाच नसेल, तर त्यांनी सोडलं काय? मला वाटतं ती गोष्ट क्षमेची नाहीच, तिच्याही पलीकडच्या एका अवस्थेची आहे. आपल्यासारख्यांना राग येतो, रात्री झोप लागत नाही, आणि मग तो सोडायचा की नाही हे ठरवावं लागतं. नाथांची फूटपट्टी धाकट्याला लावायला निघालेल्या मामांनी आधी स्वतः एक वेळ स्नान करून दाखवावं.

आपल्या परंपरेत क्षमेबद्दल एकच सूर आहे असा समज आहे, तोही खरा नाही. महाभारताच्या वनपर्वात यावर खडाजंगी आहे. वनवासात द्रौपदी युधिष्ठिराला विचारते, एवढं सगळं होऊनही तुला राग कसा येत नाही? आणि ती प्रल्हाद आणि त्याचा नातू बळी यांचा संवाद ऐकवते. बळीने विचारलं होतं, क्षमा बरी की उग्रपणा? प्रल्हादाचं उत्तर असं: कायम उग्रपणा बरा नाही, आणि कायम क्षमाही बरी नाही. कायम क्षमा करणाऱ्याला त्याचे नोकरसुद्धा जुमानत नाहीत. त्याची वाहनं, कपडे, दागिने परस्पर लाटतात. आणि कायम तापलेल्या माणसाला लोक घरात शिरलेल्या सापासारखे भितात.

त्यापुढे प्रल्हाद चक्क नियम सांगतो. ज्याने पूर्वी आपल्यावर उपकार केले आहेत त्याचा मोठा अपराधही त्या उपकारापोटी पोटात घालावा. अजाणतेपणी केलेल्याला क्षमा करावी, पण खरंच अजाणता होती का याची नीट चौकशी करून. जाणूनबुजून करून ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणणाऱ्याची गय करू नये. पहिला अपराध कुणाचाही असो, माफ. दुसरा, लहान असला तरी, नाही. शिवाय देश-काळ आणि स्वतःची ताकद बघावी. हे वाचताना गुळगुळीत उपदेशाची सवय झालेल्या माणसाला जरा हायसं वाटतं.

युधिष्ठिराचं उत्तरही तोडीस तोड आहे. शिवीला शिवी, माराला मार असं प्रत्येकाने केलं तर बाप मुलांना मारतील, मुलं बापांना, आणि प्रजा उरणारच नाही. कुणीतरी कुठेतरी थांबतो म्हणून जग चालतं. हे ऐकूनही द्रौपदी गप्प बसत नाही, आणि पुढे युद्ध टळलं नाही हे आपल्याला ठाऊक आहेच. प्रल्हादाच्या नियमांत धाकट्याचं प्रकरण बसवून बघा. हाच अण्णा बाप आजारी असताना शाळा सोडून मागावर उभा राहिला असेल, धाकट्याची फी त्याने भरली असेल, तर पारडं एकीकडे झुकतं. खोटी सही ही त्याची दुसरी वेळ असेल, तर दुसरीकडे.

आता सगळ्यात किचकट गाठ. समोरच्याने चूक कबूल केली नसेल तरी माफ करायचं का?

ऑरेल कोलनाई हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला तत्त्वज्ञ. त्याने गेल्या शतकात हा पेच अगदी नेमका मांडला. अण्णाला पश्चात्ताप झालेलाच नाही असं समजा. अजूनही तो “घरासाठीच केलं” म्हणतोय. त्याला माफ करणं म्हणजे त्याच्या कृत्यावर पांघरूण घालणं झालं, ते चालतं असं सांगणं झालं. आता समजा, त्याला खराखुरा पश्चात्ताप झालाय, तो बदललाय. मग ज्याच्यावर राग धरावा असा माणूसच उरला नाही. माफ करायचं कुणाला? पहिल्या बाजूने माफी चुकीची, दुसऱ्या बाजूने निरर्थक.

पेच चलाख आहे, पण दुसरी बाजू मला लंगडी वाटते. माणूस बदलला म्हणून केलेलं न केलेलं होत नाही. सही झाली ती झालीच, पाटल्या गेल्या त्या गेल्याच. पश्चात्तापाने धाकट्याला राग सोडायला एक चांगलं कारण मिळतं. सोडण्याची सक्ती होत नाही. कारण आणि सक्ती यांत जी जागा आहे तिथेच माफी राहते. म्हणून ती मागता येते, पण हक्काने वसूल करता येत नाही.

धर्मपरंपरांनी या गाठीवर आपापल्या परीने उत्तरं काढली आहेत. ज्यू परंपरेत योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस असतो, पण माणसाने माणसाचा केलेला अपराध त्या दिवसाने फिटत नाही. आधी त्या माणसाकडे जाऊन त्याची समजूत काढावी लागते. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या पंडिताने तर लिहून ठेवलं की तीन-तीनदा जाऊन माफी मागावी. आपल्या शहरात जैन समाज मोठा आहे. भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला लोक एकमेकांना भेटून वर्षभरातल्या कळत-नकळत घडलेल्या चुकांची क्षमा मागतात. त्यांच्या प्राकृत गाथेत आधी ‘मी सगळ्या जीवांना क्षमा करतो’ येतं आणि मग ‘सगळे जीव मला क्षमा करोत’. हा क्रम मला फार आवडतो. मात्र एक गोष्ट खरी: सगळ्यांना मिळून एक सरसकट क्षमा मागणं सोपं असतं, आणि एका माणसासमोर उभं राहून ‘ती सही मी मारली’ म्हणणं अवघड. पहिल्याने दुसऱ्याचं काम भागत नाही. मोबाइलवर अडीचशे जणांना एकदम पाठवलेल्या क्षमेबद्दल तर बोलायलाच नको.

दुसऱ्या टोकाला फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा. त्याचं म्हणणं, जे माफ करण्यासारखं आहे ते माफ करण्यात विशेष काय? माफी ही जे अक्षम्य आहे त्याचीच, आणि विनाअट. विचार म्हणून हे दिपवणारं आहे. पण तो कुणाच्या तोंडी येतो यावर बरंच अवलंबून आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून सूप मांडीवर, तेंदूची पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजाराचा हिशेब पुरा करते. नवरा पिऊन येतो, मजुरी हिसकावतो, हात उचलतो. सकाळी रडतो, पाया पडतो. सासू म्हणते, “जाऊ दे गं, पुरुषाची जात, माफ कर.” आई फोनवर तेच म्हणते. ती माफ करते, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. या बाईला विनाअट क्षमेचं थोरपण सांगणं हा क्रूरपणा आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जेफ्री मर्फी याने 1980 च्या दशकात हेच ठासून सांगितलं: अन्यायाचा राग म्हणजे माणसाने स्वतःच्या किमतीची ठेवलेली जाण असते. जो तत्काळ, दरवेळी, काहीही मागितल्याशिवाय माफ करतो, त्याच्या मनात कदाचित ‘माझं काय, मी असंच वागवून घेण्याच्या लायकीची’ हे बसलेलं असतं. बाहेरून दिसते ती क्षमा, आत असतो स्वतःबद्दलचा अनादर.

आपल्याकडे माफ करायचा आग्रह वरून खाली वाहतो, हे बैठकीत बसून बघितलं की लक्षात येतं. सुनेने सासूला, धाकट्याने थोरल्याला, मजुराने मालकाला माफ करावं असं सगळ्यांना वाटतं. मालकाने मजुराला माफ करावं म्हणून बैठक बसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि बैठकीत आणखी एक गोष्ट सर्रास होते. माफ करणारा भलताच असतो. दुसऱ्या महायुद्धात नाझी छळछावणीतला ज्यू कैदी सायमन विझेन्थाल याला मरणाच्या दारात असलेल्या एका नाझी सैनिकाच्या खाटेपाशी नेलं गेलं. त्या सैनिकाने ज्यूंनी भरलेलं घर पेटवण्यात हात असल्याची कबुली दिली आणि एका ज्यूच्या तोंडून माफी मागितली. विझेन्थाल काही न बोलता बाहेर पडला. पुढे त्याने हा प्रसंग लिहून अनेक विचारवंतांना विचारलं, तुम्ही काय केलं असतं? एकमत झालं नाही. पण एक मुद्दा त्यातून कायमचा पुढे आला: जे जळून मेले त्यांच्या वतीने माफ करायचा अधिकार जिवंत माणसाला कुठून आला?

आपल्या कायद्यातही ही जाण आहे. काही गुन्हे तडजोडीने मिटवता येतात, पण कुणी मिटवायचे ते कायदा ठरवून देतो. फसवणुकीच्या गुन्ह्यात ज्याची फसवणूक झाली त्यानेच, आणि गंभीर प्रकारात न्यायालयाच्या परवानगीने. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. खून मात्र कुणालाच असा मिटवता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. ज्यांनी राजकीय हेतूने केलेल्या अत्याचारांची पूर्ण कबुली दिली त्यांना शिक्षेतून सूट मिळू शकत होती, आणि त्यासाठी पश्चात्तापाची अट नव्हती. म्हणजे शिक्षा सोडायची की नाही ते आयोगाने ठरवलं. माफ करायचं की नाही ते ज्यांची मुलं गेली त्यांच्याकडेच राहिलं. काहींनी केलं, काहींनी सरळ नाही म्हटलं.

आता आपल्या बैठकीकडे बघा. मामा धाकट्याच्या मागे लागलेत. पण पाटल्या कुणाच्या मोडल्या? ती बाई आत चहा गाळतेय. तिला कुणी विचारलेलंच नाही, आणि धाकट्याने ‘माफ केलं’ म्हटलं तरी तिच्या वाट्याचं त्यात येत नाही. ती माफी अण्णाला तिच्याकडेच मागावी लागेल.

इथपर्यंत आलो की अण्णाची बाजू बघायला हवी, कारण स्वतःला माफ करणं हा याहून बिकट प्रकार आहे. ‘आधी स्वतःला माफ करा’ हे हल्ली रिक्षाच्या मागेसुद्धा वाचायला मिळतं, इतकं ते स्वस्त झालंय. पण आत्ताच आपण म्हटलं की माफ करायचा अधिकार ज्याचं बिघडलं त्याचा. मग अण्णा स्वतःला कसा माफ करणार? बिघडलं तर धाकट्याचं. चोराने चोरी स्वतःच माफ केली तर आपण हसू. हाना आरेंट या तत्त्ववेत्तीने 1958 मध्ये लिहिलं की घडून गेलेलं परत फिरवता येत नाही, या कोंडीतून माणसाला सोडवणारी शक्ती म्हणजे क्षमा. पण ती नेहमी दुसऱ्याकडून मिळते, स्वतःला कुणी क्षमा करू शकत नाही.

आरेंटचं मला अर्धं पटतं. धाकट्याच्या वाट्याची माफी अण्णाला स्वतःला देता येणार नाही, हे बरोबर. पण अण्णाने आणखी एक गोष्ट केली आहे. तो स्वतःला जसा माणूस समजत होता, त्या माणसाचा त्याने विश्वासघात केला. त्यामुळे त्याचा स्वतःवर जो राग आहे त्याचं काय करायचं, हा प्रश्न त्याचा एकट्याचा आहे, आणि धाकट्याने उद्या माफ केलं तरी तो सुटेलच असं नाही.

या रागाचे दोन प्रकार मानसशास्त्रज्ञ वेगळे काढतात, आणि ते वेगळे काढल्याने खूप उजेड पडतो. ‘मी वाईट केलं’ ही एक भावना. ‘मी वाईटच आहे’ ही दुसरी. पहिलीत माणूस दुसऱ्याकडे बघतो: कुणाचं किती बिघडलं, काय भरून देता येईल. दुसरीत तो स्वतःभोवतीच फिरत राहतो. दारूत बुडालेला, ‘मी नालायक आहे, मला जगायचा हक्क नाही’ असं रडणारा अण्णा पश्चात्तापात पोळतोय असं दिसतं. खरं तर त्याच्या रडण्यात धाकटा कुठेच नाही. उलट घरातल्यांनाच त्याची समजूत काढत बसावं लागतं. म्हणजे ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडूनच तो आता दिलासाही वसूल करतोय.

कॅनडात मायकल वोल आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केलेल्यांपैकी ज्यांनी स्वतःला त्याबद्दल माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. स्वतःला फटके मारत राहिलं की माणूस सुधारतो, या आपल्या लाडक्या समजाला यातून धक्का बसतो. फटक्यांच्या भीतीने तो पुस्तकच टाळतो. पण चालढकलीत नुकसान स्वतःचंच असतं. दुसऱ्याचं घर बसवलेल्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

तिथे क्रम महत्त्वाचा ठरतो. काय केलं ते पूर्ण नावानिशी कबूल करणं, जे भरून देता येतं ते देणं, पुन्हा तीच संधी आली तर काय करणार हे ठरवणं, आणि हे सगळं चालू असताना स्वतःला छळणं थांबवणं. यातलं शेवटचं तेवढं उचललं तर ती स्वतःला दिलेली सूट होते. अण्णा हरिद्वारला जाऊन ‘आता मनावर ओझं नाही’ म्हणत आला आणि बँकेचा हप्ता अजून धाकटाच भरतोय, तर त्या हलक्या मनाची किंमत दुसरा मोजतोय.

हे सगळं करूनही समोरचा माफ करणार नाही, हे शक्य आहे. बौद्ध परंपरेतला अंगुलिमाल आठवा. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा. बुद्धांची भेट झाल्यावर तो भिक्खू झाला, पार बदलला. मग तो श्रावस्तीत भिक्षेला गेला आणि कुणाचं ढेकूळ, कुणाची काठी, कुणाचा दगड लागून डोकं फुटून, भिक्षापात्र मोडून, चीवर फाटून परत आला. बुद्धांनी ‘लोकांनी तुला माफ करायला हवं होतं’ असं म्हटलं नाही. सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे, असं सांगितलं. त्याच वेळी त्याला संघातून काढलंही नाही. तो खरोखर बदलला आहे आणि लोकांचा राग अजून खरा आहे, या दोन्ही गोष्टी त्या कथेत एकाच वेळी उभ्या आहेत, आणि एक दुसरीला खोटं पाडत नाही.

राहिला प्रश्न ज्याची माफी मागायची तोच हयात नसण्याचा. सोलापुरातल्या किती घरांत हे आहे: मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला, आई इथे, आणि तिच्या शेवटच्या आजारपणात तो वेळेवर पोचला नाही. वर्षानुवर्षं तो त्याची टोचणी घेऊन जगतो. त्याने आधी वरची दुसरी मागणी आठवावी. रजा नव्हती, डॉक्टरांनी घरी सोडायचं म्हटलं होतं, रात्रीची शेवटची गाडी सुटली होती. असं असेल तर त्याने अपराधच केलेला नाही. दुःख खरं आहे, पण ज्या गोष्टीसाठी दोष लागत नाही तिच्यासाठी माफीही लागत नाही. आणि घराच्या वाटणीवरून रुसून त्याने मुद्दाम फोन उचलले नसतील, तर तेवढा भाग त्याचा आहे. तो कबूल करायला आई नाही. पण “आई विचारतेय, कधी येतोस?” म्हणायला तेच फोन लावणारी, दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून महिनाभर एकटीने रात्री काढणारी बहीण आहे. तिचंही त्या वागण्याने बिघडलं होतं, आणि तिच्या घरी जायला त्याला कुणी अडवलेलं नाही.